बगळ्याने नेलेली पिन

हे कोणी खरं मानणार नाही, ते आधीच सांगून टाकतो. मागाहून माझ्याकडे तसं बघायचं काम नाही. माणसांनी भरलेली बोट मी वाहत्या पाण्याच्या विरुद्ध, खडकाळ खिंडीतून, सबंध वाट मागच्या मागे चालवलेली आहे. म्हणजे बोटीचं ढुंगण पुढे आणि तोंड मागे. शिवाय आत नदी खात्याचे तपासनीस बसले होते आणि त्यांना शेवटपर्यंत त्याचा पत्ता लागला नाही.

ही गोष्ट कानावर पडली की माझी मुलगी हातातलं भांडं जरा जोरात ठेवते. तिचा मामा, म्हणजे माझा मेहुणा, मान खाली घालून नखातलं ग्रीस काढत बसतो. तो त्या दिवशी बोटीत होता. त्याने आजवर ना हो म्हटलंय, ना नाही. यातच काय ते समजा.

ज्यांनी जेट बोट पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आमची नदी रुंद आहे, पण उथळ. पाणी ओसरलं की गुडघाभर उरतं आणि खाली नुसते गोटे. साध्या बोटीचा पंखा पहिल्याच गोट्यावर मान टाकेल. जेट बोटीचा पंखा पोटात असतो. ती खालून पाणी ओढून घेते आणि मागच्या तोंडातून जोरात थुंकते, त्या थुंकण्यावर ती पुढे पळते. मागे यायचं असेल तर त्या तोंडावर एक झाकण खाली पडतं, आम्ही त्याला बादली म्हणतो. थुंकलेलं पाणी बादलीवर आपटून उलटं वळतं आणि बोट मागे सरकते. बादली वर धरायला एक दांडा, आणि दांडा जागेवर धरायला एक पिन. ही पिन नसेल तर बादली आपल्या वजनाने खाली येते, मग कितीही जोर लावा, बोट मागेच जाणार. एवढं लक्षात ठेवलंत की पुरे, बाकीचं मी सांभाळतो.

मी बोट आणली त्या दिवशी बायको धक्क्यावर आली, बोटीभोवती नजर फिरवली आणि म्हणाली, सवत आणलीत, हरकत नाही, पण तिचं न्हाऊमाखू मी करणार नाही. ते करायला तिने आपला धाकटा भाऊ दिला. हा भाऊ पाण्याचे पंप, शिलाई मशिनी, टेबलफॅन असलं काहीबाही दुरुस्त करायचा. जेट बोटीच्या पोटात शेवटी पंपच असतो, मग त्यात काय मोठंसं, असं म्हणून त्याने पाना हातात घेतला, तो पुढे वर्षानुवर्षं खाली ठेवला नाही.

त्याला सगळे तात्पुरते म्हणतात. ते आडनाव नाही. कुठलीही दुरुस्ती झाली की हात पुसता पुसता तो म्हणायचा, "हे तात्पुरतं आहे. पुढच्या खेपेला नीट करतो." पुढच्या खेपेला तो तात्पुरत्यावर आणखी एक तात्पुरतं चढवायचा.

पंखा फिरवणाऱ्या शाफ्टच्या रबरी सीलमधून पाणी झिरपायला लागलं तेव्हा त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. ती सुटली, तर तिच्यावर दुसरी गुंडाळली. तळात साचणारं पाणी उपसायला पंप बसवला, त्याच्या नळ्या उलट जोडल्या, त्यामुळे तो नदी उपसून बोटीत भरायला लागला. प्रवासी बाकांवर उभे राहिले. मेहुणा म्हणाला, पंप उत्तम आहे, दिशा तेवढी तात्पुरती आहे. हॉर्नची वायर त्याने अशी काही जोडली की हॉर्न दाबला की इंजिन बंद पडायचं. मग मी हॉर्नचा नाद सोडला आणि वळणावर खोकायला लागलो. माझा खोकला सगळ्या नदीच्या ओळखीचा झाला. अजून मी काठाने पायी चाललो असलो आणि खोकलो, तरी पाण्यात उतरलेल्या गाई बाजूला होतात.

पाणी ओढायच्या तोंडावर जाळी असते, तिच्यात गवत अडकायचं आणि इंजिन तापायचं. त्यावर त्याने जाळीचे दोन गज कापून टाकले. गवत अडकायचं थांबलं, गोटे आत जायला लागले. बोट गोटे चावायला लागली की असा आवाज यायचा, जणू कोणी म्हातारा दात नसताना चणे खातोय. एकदा तर खालून शिरलेला मासा मागून खवले काढून, पोट साफ होऊन बाहेर पडला आणि नर्सबाईंच्या मांडीवर येऊन बसला. नर्सबाई वरच्या दवाखान्यात काम करतात, रोजच्या प्रवासी आहेत. त्यांना विचारा. त्या नाहीच म्हणतील, पण मासा घरी नेल्याचं विचारलंत तर गप्प बसतील.

वाईट कारागीर म्हणाल तर म्हणा. मीही म्हणायचो, घरी आल्यावर, बायकोला. ती ऐकून घ्यायची आणि भावासाठी एक ताट जास्त मांडायची.

कारण त्याची एक खोड होती. कामाशिवाय तो बहिणीच्या घरात पाऊल टाकायचा नाही. आईबाप लवकर गेले, त्याला बहिणीनेच वाढवलं होतं. तिचं लग्न झाल्यावर त्याने काय मनाशी घेतलं कोण जाणे. दाजींच्या घरी फुकट बसून खाल्लं, असं कोणाला म्हणता येऊ नये, असं काहीसं असावं. म्हणणार कोण होतं? पण हातात हत्यारांची पेटी नसली तर हा माणूस आमच्या दारावरून मान वळवून निघून जायचा. जेवायला ये म्हटलं की त्याचं नेमकं पोट भरलेलं असायचं. काहीतरी बिघडलंय म्हटलं की दहा मिनिटांत हजर, आणि काम झाल्यावर दोन वेळा भात मागून घ्यायचा.

आणि योगायोग बघा, आमच्या घरातल्या वस्तू फार नाजूक. मेहुणा काही दिवस फिरकला नाही की इस्त्री बंद पडायची. ती सुधारली की नळ गळायचा. नळ झाला की शिलाई मशीनचा पट्टा निसटायचा. बायको कपाळाला हात लावून म्हणायची, आता काय बाई करावं, आणि भावाला फोन करायची. तो यायचा, वस्तू उलटीसुलटी करून बघायचा, तिच्यावरच्या एखाद्या ओरखड्यावरून अंगठा फिरवायचा, काही बोलायचा नाही. तात्पुरतं काहीतरी करून जेवायला बसायचा. बायकोच्या शिलाई मशीनच्या खणात एक जुनी पक्कड असायची, एक दात तुटलेली. ही इथे कशाला, असं मी एकदा विचारलं. अक्रोड फोडायला, म्हणाली. आमच्या घरात मी अक्रोड कधी पाहिला नाही.

मग ती गेली. आजार लांबला नाही, तेवढंच बरं म्हणायचं.

ती गेल्यावर आमच्या घरात काहीच बिघडेना. इस्त्री तापायची, नळ टिपूस गाळायचा नाही, मशीनला तर कोणी हातच लावत नव्हतं. मी म्हटलं, वस्तूंनाही कळत असेल. माणूस गेलं की घर जरा शहाण्यासारखं वागायला लागतं.

उरली बोट. ती मात्र बिघडत राहिली, तिचे उपकार. मेहुणा बोटीसाठी यायचा. काम झालं की मी चहा करायचो आणि आम्ही दोघं धक्क्याच्या पायरीवर बसायचो. बोलणं बोटीचंच. सील का सुटतं, शाफ्ट कुठे घासतो, तेल काळं का पडतं. बहिणीचा विषय त्याने काढला नाही, बायकोचा मी काढला नाही. पण दोन माणसं गळक्या सीलबद्दल बराच वेळ बोलत बसली की त्यात बाकीचंही थोडं थोडं येऊन जातं. एकदा तो म्हणाला, जुनं रबर कडक होतं दाजी, वरून दिसत नाही. मी म्हटलं, हो. मग आम्ही पाणी बघत बसलो.

मधल्या काळात माझे गुडघे गेले आणि बोट मुलीने हातात घेतली. ती माझ्यापेक्षा चांगली चालवते, हे तिच्या तोंडावर मी सांगत नाही. तिला सगळे कॅप्टन म्हणतात. मला कोणी म्हणत नव्हतं, मी नुसताच खोकणारा होतो.

गेल्या हिवाळ्यात नदीच्या मधोमध ट्यूबची ती पट्टी सुटली. पाणी आत आलं, इंजिन भिजून बंद पडलं, आणि बोट मान खाली घालून प्रवाहाबरोबर चालू लागली. मुलीने बांबूने ढकलत ढकलत ती काठाला लावली. माणसं सगळी सुखरूप उतरली. पण नर्सबाईंची लशींची पेटी पाण्यात गेली. वरच्या वस्तीवर मुलं रांगेत उभी होती, ती तशीच घरी गेली. नर्सबाई रिकामी पेटी धक्क्यावर उलटी करून त्यातलं पाणी काढत बसल्या, एवढंच. ते मुलीने पाहिलं, मीही पाहिलं.

त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "बाबा, मामा माणूस चांगला आहे. पण माझ्या बोटीला आता त्याचा हात लागायचा नाही."

तिचं बरोबर होतं. इतक्या वर्षांत मला थापा खूप सुचल्या, त्या दिवशी एकही सुचली नाही.

तिने नवा मेकॅनिक आणला. त्यालाही नावं ठेवायला जागा नाही. हात धुऊन मग इंजिनाला हात लावणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. त्याने बोट पाण्याबाहेर काढून तिचं पोट उघडलं, आणि आतून मेहुण्याची सगळी कारकीर्द बाहेर आली. ट्यूबच्या पट्ट्या, तारा, साबणाची वडी, एका टेबलफॅनचा बूश, आणि माझ्या जुन्या पट्ट्याचं बक्कल, जे मी घरभर शोधलं होतं. नवं सील बसवलं, नवी जाळी, नवा पंखा. बादलीच्या दांड्याला स्टीलची नवी पिन घातली, तिची टोकं नीट वळवून ठेवली आणि म्हणाला, आता हे कायमचं.

आणि खरोखर ते कायमचं होतं. बोट कुरकुरेना, गळेना, तापेना. हॉर्न दाबला की हॉर्न वाजायचा. प्रवासी आपापल्या जागी बसून फोनमध्ये बघत, वर पोचले की उतरून जात. पूर्वी दोन बिघाडांच्या मधे इतक्या ओळखी व्हायच्या की वाटेत लग्नं जुळली आहेत. टपालवाल्याचं तसंच जुळलं, तो पाणी उपसत होता आणि त्याची आताची बायको दुसऱ्या बाजूने घमेलं पुढे करत होती. आता त्यांच्या मुलाला मी सांगितलं तर तो हसतो.

मेहुण्याचं येणं थांबलं. कारणच उरलं नाही. मी दोनदा फोन केला. काय चाललंय, काही नाही, तुमचं, काही नाही. तिथे फोन संपला. मग एक दिवस हत्यारांच्या दुकानासमोर तो मला दिसला. शर्ट अंगात सैल झाला होता. त्याने नेहमीचंच विचारलं.

"बोट कशी आहे, दाजी?"

"चालते."

"आवाज?"

"नाही."

"गळती?"

"नाही रे."

त्याने मान हलवली. बराच वेळ दुकानातले पाने बघत राहिला, जणू त्यांच्यातला एखादा ओळखीचा आहे. मग म्हणाला, "मावसभाऊ बोलावतोय त्याच्याकडे. जातो म्हणतोय. हा दुकानदार माझी हत्यारं विकत घेईल का, विचारायला आलो होतो."

मावसभाऊ राहतो तिथून इथे यायला दोन गाड्या बदलाव्या लागतात. तिकडे गेलेला माणूस कोणाच्या तरी लग्नाला नाहीतर मातीला येतो, एरवी येत नाही.

मला म्हणता आलं असतं, काम नाही, पण चहा आहे, चल. केवढंसं वाक्य. जन्मभर मी हजार थापा न अडखळता मारल्या, मासे साफ करून बाहेर काढले, आणि हे एक खरं वाक्य माझ्या तोंडातून फुटेना. तोही ऐकायला थांबला नाही. त्याला वाटलं असणार, काम नसताना दाजी कशाला बोलावतील. आमच्या घराण्यातली ही एक रीतच म्हणा, बोलवायला काहीतरी मोडलेलं लागतं.

घरी आलो. शिलाई मशीनवरची धूळ पुसली. सहज खण उघडून बघितला. सगळं जागच्या जागी होतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी बोट बिघडली.

मुलीने इंजिन चालू केलं, दोर सोडला, वेग दिला, आणि बोट पुढे जायच्या ऐवजी मागे येऊन धक्क्याच्या टायरना टेकली. आत अजून कोणी बसलं नव्हतं, कोणाला काही लागलं नाही. बादली खाली पडलेली होती. तिने वाकून बघितलं तर दांड्याची पिन गायब.

नव्या मेकॅनिकला फोन लावला, तर तो बहिणीच्या लग्नाला दूर गेलेला. तसं त्याने आदल्या आठवड्यात आमच्याकडे चहा पिताना सांगितलं होतं, पण मी तेव्हा वाटाणे सोलत होतो, माझं काही लक्ष नव्हतं. नर्सबाईंकडेही त्या दिवशी नेमकी लशींची पेटी नव्हती, त्यांचा तो कागदपत्रं लिहायचा दिवस. सगळं कसं जुळून आलं बघा. मुलगी बराच वेळ त्या रिकाम्या भोकाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मी गाई मोजत होतो. शेवटी ती म्हणाली, मामाला बोलवा, पण बादली सोडून कशाला हात लावू देऊ नका.

पिन कोणी नेली ते मी स्वतः पाहिलं. उजाडताना मी धक्क्यावर फेरी मारतो, गुडघ्यांसाठी. बोटीच्या मागच्या कठड्यावर एक बगळा उभा होता, आणि त्याच्या चोचीत काहीतरी चमकत होतं. मला वाटलं मासळी. तो उडाला तेव्हा उन्हात ते स्टीलसारखं लखलखलं. मी तरी काय करणार, मला उडता येत नाही.

मेहुणा आला. इतक्या लवकर आला की फोन ठेवून मी चष्मा पुसेपर्यंत तो दारात. शर्ट इस्त्रीचा, केस ओले, हातात पेटी. अजून विकली नव्हती. पेटीच्या कडीला त्याने दोरी बांधली होती, तात्पुरती. भाचीला बघून तो जरा थबकला. ती म्हणाली, ये मामा, आणि हातात टॉर्च घेऊन त्याच्याबरोबर बोटीच्या मागे उतरली. दोघं पोटरीभर पाण्यात उभे राहिले.

मी प्रवाशांना घेऊन धक्क्यावरच्या खोलीत बसलो. लांबट खोली आहे, दोन बाकं, भिंतीला एक बंद घड्याळ, तेही मेहुण्यानेच दुरुस्त केलेलं. नर्सबाई होत्या, टपालवाला होता, आणखी दोघं-तिघं. लोक उठून पुलाकडे बस पकडायला निघून गेले असते, तर मुलीचा दिवस बुडाला असता आणि दोष मामाच्या माथी गेला असता. त्यांना धरून ठेवणं माझं काम. मी डावा हात खिशात घातला, बोलताना मला तशी सवय आहे, आणि ती गोष्ट काढली.

तेव्हाही अशीच बादली खाली अडकली होती, मी सांगितलं. मेहुण्याने तिला तारेने बांधली होती, आणि ती तार पीळ पडून अशी घट्ट झाली की बादली वर जाईना. वर्षाची तपासणी होती. तपासनीस चढायला आले तेव्हा मेहुण्याने दहा मिनिटं मागून घेतली, सगळे बाक सोडवले आणि तोंडं फिरवून पुन्हा बसवले. साहेब बसले, बोट निघाली, साहेबांच्या तोंडासमोर पाणी दुभंगत होतं, त्यांना काय कळणार? झेंडा मात्र उलट फडफडायला लागला, म्हणून मेहुण्याने तो हातात धरला आणि सगळी वाट हाताने फडफडवला. मी पाठीमागे बघून सुकाणू फिरवत होतो. खिंडीत पाणी अंगावर येतं तिथे मासे बाजूला झाले आणि ओळीत उभे राहून बघायला लागले. एका माशाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं.

टपालवाल्याने विचारलं, माशाला कोपर कुठे असतं. मी म्हटलं, त्या दिवशी होतं.

वर पोचलो तर अजून निघायची वेळच झाली नव्हती. मागच्या मागे गेलं की वेळही मागे पडते, हे जलशास्त्र आहे. साहेब खूश झाले, बोट पास केली. शेरा एवढाच मारला की चालकाला मान फार वळवावी लागते.

खोली हसत होती. कोणी उठलं नाही. नर्सबाईसुद्धा हसल्या. त्या पेटीच्या दिवसानंतर मी त्यांना धक्क्यावर हसताना पाहिलं नव्हतं. मला हायसं वाटलं. दारात सावली पडली म्हणून बघितलं तर मेहुणा उभा होता, ओल्या पायांनी, हात पुसत. त्याच्यामागे मुलगी. ते कधीपासून ऐकत होते, माहीत नाही.

नर्सबाईंनी विचारलं, तेव्हाचं ठीक आहे, पण आज काय झालं, नवी पिन गेली कुठे?

मी त्यांना बगळ्याचं सांगितलं. रंगवलं नाही अजिबात, जसं तुम्हाला सांगितलं तसंच साधं सांगितलं. एवढंच पुढे जोडलं की बगळा घरटं बांधत असेल, आणि हल्ली काड्यांचा भरवसा नाही म्हणून त्यांनाही काहीतरी कायमचं लागत असेल. इतक्या भानगडी सांगून झाल्यावर हे तर कोणीही खरं मानावं असं होतं. टपालवाल्याने मान डोलावलीसुद्धा.

मेहुणा हसला नाही. हातातला बोळा त्याने नीट घडी करून पेटीवर ठेवला.

"पिनेची टोकं वळवलेली होती, दाजी," तो म्हणाला. "पकडीने सरळ केल्याशिवाय ती निघत नाही. दांड्यावर पकडीचा ओरखडा आहे, आणि ओरखड्यात मधे एका दाताची जागा कोरी आहे."

माझी बोटं खिशातल्या खिशात थांबली.

"असा ओरखडा ताईच्या इस्त्रीवर असायचा. नळावर असायचा. मशीनच्या चाकावर तर किती होते." तो अंगठ्याने नखातलं ग्रीस काढायला लागला. "तेव्हा मी बोललो नाही. ती काय मला फोन करून नुसतं ये म्हणणार होती थोडीच, आणि मी काय नुसता येणार होतो."

एवढं बोलून त्याने माझ्याकडे नाही, माझ्या मुलीकडे बघितलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हातातला टॉर्च भर उजेडात अजून चालूच होता, तो तिने बंद केला. थोडा वेळ ती मामाच्या पेटीच्या कडीला बांधलेल्या दोरीकडे बघत राहिली. मग तिने मान हलवली, हो म्हणून.

तेव्हा तो माझ्यासमोर आला आणि तळहात पुढे केला. ग्रीसने काळा झालेला, ओला.

"बगळा खोटा आहे, दाजी," तो म्हणाला. "डाव्या खिशातली पिन द्या इकडे. तात्पुरती बसवतो."